शाळेच्या भिंतीमागचं दुकान

ताई,

कोपरखैरण्यात आमचं रो-हाऊस आहे. पुढच्या खोलीत मी चौदा वर्षं किराणा-जनरलचं दुकान चालवते. आमचे हे मार्केटला माथाडी होते, कंबर गेल्यापासून घरीच असतात. तीन वर्षांपूर्वी आमच्या मागे दोन गल्ल्या सोडून शाळा झाली. मागच्या महिन्यात दोन माणसं आली, तपासणीला आलोय म्हणाली. शाळेजवळ सिगारेट विकता म्हणून हजार रुपये घेतले, चार पाकिटं नेली. पावती मागायचं सुचलंच नाही. शेजारचे दुकानदार म्हणतात, खरा दंड दोनशेचाच असतो, वर्षातून एखाद वेळा भरायचा आणि धंदा चालू ठेवायचा. शाळेचं गेट पलीकडे मोठ्या रस्त्याला आहे, आमच्याकडून चालत गेलं तर वळसा घालून चांगलं लांब पडतं. मग आम्ही नियमात येतो का?

दुसरं म्हणजे, गल्लीतला आठवीतला मुलगा रोज संध्याकाळी वडिलांसाठी तंबाखूची पुडी आणि दोन सिगारेटी न्यायला येतो. त्या माणसांनंतर मी घाबरून त्याला नाही म्हटलं. वडील दुकानावर येऊन सगळ्यांसमोर ओरडले, 'माझा पोरगा, माझे पैसे, तू कोण विचारणारी?' त्यांची वहीवर उधारीही आहे. माझ्या गल्ल्यातला तिसरा हिस्सा सिगारेट-तंबाखूचा आहे. दुपारी माझा मुलगा दुकानात बसतो, अकरावीला आहे, त्याची फी याच दुकानातून जाते. गुटखा मी कधीच ठेवला नाही, सुगंधी सुपारी ठेवते. कंपनीच्या माणसाने लाइटवाला बोर्ड लावून दिलाय, त्याचे महिन्याला थोडे पैसे मिळतात. मी काय करू?

– एक दुकानदार, कोपरखैरणे

प्रिय ताई,

त्या मुलाला तुम्ही नाही म्हणालात, ते बरोबर केलंत. ते भीतीपोटी झालं असं तुम्ही लिहिलंय, पण आता ते ठामपणे करा. वडिलांनी चारचौघांत आवाज चढवला म्हणून मागे येऊ नका. २००३ चा तंबाखू नियंत्रणाचा जो कायदा आहे, ज्याला अधिकारी आणि वकील 'कोटपा' म्हणतात, त्याचं कलम ६ सांगतं की १८ वर्षांखालच्या कोणालाही सिगारेट किंवा तंबाखूचा कुठलाही पदार्थ विकायचा नाही. तो कोणासाठी नेतोय, हा प्रश्न त्या कलमात येतच नाही. वडिलांनी पाठवलं, फोन करून सांगितलं, वहीवर लिहायला लावलं, यातलं काहीही तुमच्या उपयोगाचं नाही. पुडी मुलाच्या हातात गेली की विक्री मुलाला झाली.

शेजाऱ्यांनी सांगितलेला दोनशेचा आकडा खरा आहे. कलम ६ मोडलं तर कलम २४ खाली २०० रुपयांपर्यंत दंड होतो. २००३ साली ठरलेली ही रक्कम आजही तीच आहे आणि ती कधीच वाढायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. दंड इतका किरकोळ असल्यामुळेच 'भरू आणि चालू ठेवू' असं म्हणायची हिंमत होते. पण त्यांचा हिशोब एका कलमापाशी येऊन थांबतो. बाल न्याय कायदा, २०१५ याचं कलम ७७ त्यांनी वाचलेलं दिसत नाही. लहान मुलाला तंबाखूजन्य पदार्थ दिला, तर ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड, असं ते कलम आहे. तिथे मूल म्हणजे १८ वर्षं पूर्ण न झालेलं कोणीही. उद्या शाळेने किंवा एखाद्या पालकाने तक्रार केली आणि पोलिसांनी हे कलम लावलं, तर दोनशेची पावती फाडून सुटका होणार नाही.

त्या दोन सिगारेटींचंही तसंच. महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि सुट्या विड्या विकायला बंदी केली आहे. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर जो कॅन्सरचा फोटो आणि इशारा असतो, तो सुट्या सिगारेटीवर नसतो, हे त्यामागचं कारण. इशारा नसलेला माल विकला, तर पहिल्यांदा १ वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद आणि ३,००० पर्यंत दंड. हे प्रकरण जागेवर मिटत नाही, कोर्टात जातं. दुकान बंद ठेवून बेलापूरच्या कोर्टात तारखांना जावं लागलं, की त्या एका दिवसाच्या गल्ल्याचा हिशोब शेजाऱ्यांना विचारा.

आता अंतराचं. शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्री नाही, असा नियम आहे. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटरच्या थोडं वर. हे अंतर चालण्याच्या रस्त्याने धरत नाहीत आणि गेटपासूनही धरत नाहीत. शाळेच्या कुंपणाच्या भिंतीपासून चारही बाजूंना सरळ रेषेत मोजतात, मध्ये घरं असोत की नाला. सिडकोच्या रो-हाऊसच्या गल्ल्या किती अरुंद असतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. दोन गल्ल्या म्हणजे घरांच्या दोन-तीन रांगा आणि मधले बोळ. ते ९१ मीटर भरत असतील असं मला वाटत नाही. खात्री मात्र स्वतः करून घ्या. मुलाला फोनवर गूगल मॅप्स उघडायला सांगा, सॅटेलाइटचं चित्र लावा, शाळेच्या तुमच्या बाजूच्या भिंतीवर बोट दाबून धरा, 'अंतर मोजा' हा पर्याय येईल, तिथून आपल्या दुकानाच्या दारापर्यंत रेघ ओढा. पाच मिनिटांचं काम आहे. शाळांनीही ही हद्द पिवळ्या पट्ट्याने आखून दाखवावी, असं केंद्राच्या तंबाखूमुक्त शाळांच्या सूचनांमध्ये आहे. तुमच्या शाळेने पट्टा मारला नसेल, तर मुख्याध्यापकांना भेटून विचारायला काहीच हरकत नाही.

'आमचं दुकान आधीचं, शाळा नंतर आली,' हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण ते मनात असणार आणि ते वाटणं अगदी रास्त आहे. चौदा वर्षं तुम्ही एका जागी बसून धंदा केला आणि तुम्ही काहीही न बदलता एक दिवस तुमचा माल बेकायदा झाला. त्याबद्दल वाईट वाटलं पाहिजे. पण कायद्यात कोण आधी आणि कोण नंतर, असा भेदच केलेला नाही. शाळा आहे आणि तुम्ही १०० यार्डांत आहात, तर विक्री बंद. गुमास्ता काढलेला असला तरी त्याने तंबाखू विकायची परवानगी मिळत नाही, हेही बऱ्याच दुकानदारांना माहीत नसतं.

तेव्हा माझा सल्ला एकच आहे. रेघ ९१ मीटरच्या आत आली, तर सिगारेट, विडी, तंबाखू सगळं त्याच दिवशी बंद करा. 'आहे तो माल संपेपर्यंत' असा विचारही नको. माल मांडून ठेवणं म्हणजे तो विक्रीला ठेवणंच आहे. न फोडलेली पाकिटं आणि पुड्यांची बंडलं एजन्सीच्या सेल्समनला परत करा किंवा तुर्भ्याच्या ज्या होलसेलवाल्याकडून आणता त्याला द्या. थोडं कापून घेईल, घेऊ दे.

हे वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे तो तिसरा हिस्सा येत असेल. तो खराच मोठा आहे आणि मी तो हलका करून सांगणार नाही. पण गल्ला आणि कमाई वेगळी काढून बघा. होलसेलवाल्याची मागच्या तीन महिन्यांची बिलं घ्या. सिगारेट-तंबाखूच्या खरेदीला किती गेले आणि विक्रीतून किती आले, हे एका कागदावर मांडा. सिगारेटच्या पाकिटात दुकानदाराला टक्क्याने फारसं सुटत नाही. जे सुटतं, त्यातला बराचसा भाग सुट्या विक्रीतला असतो, पाकिटाच्या भावापेक्षा रुपया-दोन रुपये वर लावून. आणि ती सुटी विक्री तर तुम्ही कुठेही दुकान काढलं तरी बंदच करावी लागणार आहे. म्हणजे गल्ल्यात तिसरा हिस्सा दिसत असला, तरी कमाईत पडणारं भगदाड त्याहून लहान निघेल. काही गिऱ्हाइकं मात्र जातील. सकाळी सिगारेट घ्यायला येऊन जाता जाता पाव आणि दुधाची पिशवी नेणारा माणूस कोपऱ्यावरच्या दुकानाकडे वळेल. हा तोटा खरा आहे आणि पहिले दोन-तीन महिने तो जाणवेल.

भरून कसा काढायचा? ज्या शाळेमुळे हा माल गेला, तीच शाळा रोज शेकडो मुलं आणि त्यांच्या आया तुमच्या गल्लीजवळ आणते. मुलांना रात्री नऊ वाजता आठवतं की उद्या चार्ट पेपर न्यायचाय, ब्राउन पेपर संपलाय, प्रोजेक्टला अमुक चित्राची रंगीत प्रिंट हवी. तुमचं दुकान घरातच आहे, रात्री नऊला दार वाजवता येतं, हा तुमचा सगळ्यात मोठा फायदा. एक झेरॉक्स-प्रिंटचं मशीन, वह्या, लेबलं, फेव्हिकॉल, स्केचपेन एवढ्यावर सुरुवात होते. भांडवलाची अडचण असेल, तर मुद्रा योजनेतलं 'शिशु' कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत मिळतं आणि त्याला तारण लागत नाही. खातं ज्या बँकेत आहे तिथेच आधी विचारा. सकाळच्या गिऱ्हाइकासाठी इडलीचं पीठ, मोड आलेली मटकी, अंडी ठेवून बघा. मुलांना सोडून परतणाऱ्या बायका ते हमखास घेतात. आसपासच्या बचत गटाच्या चटण्या-पापड विक्रीला ठेवता येतील. तुमच्याकडे अन्नपदार्थांची नोंदणी असेलच, नसेल तर करून घ्या. तंबाखूची जागा चिप्स आणि कोल्ड्रिंकने मात्र भरू नका, एवढी विनंती. शाळेच्या गेटपासून ५० मीटरमध्ये जास्त मीठ, साखर आणि तेल असलेले पदार्थ मुलांना विकायचे नाहीत, असा २०२० चा नियम आहे. तुम्ही त्या टप्प्यात येत नसाल, तरीही नको.

आता तुमच्या मुलाबद्दल, कारण पत्रात तुम्ही ते ओझरतं लिहिलंय आणि मला ते सगळ्यात जास्त लागलं. अकरावी म्हणजे १६-१७ वर्षं. १८ वर्षांखालच्या कोणी तंबाखूचा माल हाताळायचा नाही आणि विकायचाही नाही, असं याच कायद्याच्या नियमांत आहे. म्हणजे दुपारी तुम्ही आत जेवायला जाता आणि तो गल्ल्यावर बसतो, तेव्हा त्याच्या हातून जाणारं प्रत्येक पाकीट हा वेगळा गुन्हा असतो. पथक दुपारी आलं असतं तर तोच समोर असता. नियम बाजूला ठेवून आई म्हणून बघा. जो मुलगा रोज तीन तास हे पाकीट काढून देतो, हे ब्रँड, हे भाव ज्याला तोंडपाठ आहेत, कोणाला कडक लागते आणि कोणाला हलकी हे ज्याला न विचारता कळतं, त्याला ती वस्तू कधी परकी वाटेल? माल बंद केलात की तो दुपारी खुशाल बसू दे, वही-पेन विकू दे. रिकाम्या वेळेत अभ्यासही होईल.

आणि तो आठवीतला मुलगा. तो काय करतो ते डोळ्यांसमोर आणा. पुडी घेतो, शर्टाच्या खिशात टाकतो, सिगारेटी मुठीत धरतो. घरी गेल्यावर वडील पुडी उघडतात, चिमूटभर तळहातावर घेतात, नखाने चुना काढतात, अंगठ्याने मळतात, थाप मारून भुकटी उडवतात. हे तो रोज बघतो. एखाद दिवशी तळहातावर उरलेलं जिभेवर ठेवून बघायला त्याला किती वेळ लागणार? २०१९ च्या देशभरातल्या शालेय पाहणीत १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुलं तंबाखूचा कोणता ना कोणता पदार्थ वापरताना आढळली. धूर न काढता खाण्याची तंबाखू वापरलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी ती दहा वर्षांचं होण्याआधीच तोंडात घातली होती. दहा वर्षांचं मूल टपरीवर जाऊन आपल्या मनाने पुडी मागत नाही. बहुतेक वेळा ती घरातूनच त्याच्या हाताला लागते किंवा कोणीतरी त्याला आणायला पाठवलेलं असतं. आपल्या राज्यात तर सिगारेट-विडीपेक्षा हीच जास्त आहे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करत होते आणि २४.४ टक्के तंबाखू खात होते.

वडिलांशी कसं बोलायचं, हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण पत्रभर तोच प्रश्न आहे. दुकानावर, गिऱ्हाइकांसमोर बोलू नका. त्यांचा आवाज तिथे चढला, कारण बघणारे होते. रविवारी सकाळी तुम्ही आणि तुमचे हे, दोघं मिळून त्यांच्या घरी जा. तुमचे यजमान स्वतः मार्केटला माथाडी होते, पाठीवरच्या ओझ्याच्या कामात तंबाखूचा आधार का वाटतो हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? त्यांनी म्हटलेलं त्या माणसाला लागणार नाही. सांगा: "भाऊ, दुकानात तंबाखू ठेवणंच बंद केलंय. मागे शाळा आहे, कायदा आहे, आमच्या पोराचंही वय बसत नाही. तुमच्या एकट्याला नाही म्हटलेलं नाही, कोणालाच देत नाही. आणि काही झालं तरी तुमच्या पोराच्या हातात आम्ही ते देणार नव्हतोच." एवढंच. उपदेश नको. उधारीचा विषय त्याच बैठकीत काढू नका, नाहीतर सगळं पैशांचं भांडण होऊन बसेल. ते वेगळ्या दिवशी, वही घेऊन. उधारी बुडाली तरी चालेल, असं मनाशी आधीच ठरवून गेलात तर तोंडून ठाम शब्द निघतील.

त्यांनी स्वतःहून सोडायचा विषय काढला, तरच १८००-११-२३५६ हा नंबर द्या. ही सरकारची तंबाखू सोडण्याची हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत आणि समुपदेशक मागाहून स्वतः फोन करून विचारपूस करतात. कामावर जाणारा माणूस आठवड्याच्या मधोमध सुट्टी टाकून दवाखान्यात जाणार नाही, फोनवर बोलेल.

सुगंधी सुपारी आजच्या आज काढा. गुटखा ठेवला नाहीत हे फार चांगलं, पण राज्यात २०१२ पासून गुटखा-पानमसाल्यावर अन्नसुरक्षा कायद्याखाली जी बंदी दरवर्षी नव्या आदेशाने चालू आहे, तिच्यात पुढे सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीही आली. यात कारवाई करतं ते अन्न व औषध प्रशासन, आणि तिथे दोनशे रुपयांची गोष्टच नसते. सुपारीत तंबाखू नाही म्हणून ती निरुपद्रवी, हा समज तर मुळातच चूक आहे. सुपारी स्वतःच कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नोंदवलंय. गालाची आतली बाजू कडक होत जाते आणि शेवटी तोंड दोन बोटंही जातील इतकं उघडत नाही. रंगीत चकचकीत पाऊच आणि गोड चव, त्यामुळे मुलं ती गोळ्या-चॉकलेटसारखी घेतात. तुमच्या बरणीच्या शेजारीच ती माळ लटकत असेल.

बोर्डाचं थोडक्यात. तंबाखूच्या जाहिरातीवर बंदी आहे आणि पैसे घेऊन जाहिरात लावू देणं हेही त्याच बंदीत येतं. महिन्याला मिळणारे ते थोडे पैसे म्हणूनच धोक्याचे. जिथे विक्री कायदेशीर आहे अशा दुकानालासुद्धा फक्त ६० सेंटिमीटर बाय ४५ सेंटिमीटरचा साधा फलक लावता येतो. त्यावर ब्रँडचं नाव नको, पाकिटाचं चित्र नको, मागे लाइट तर अजिबात नको, आणि इशारा हवाच. या नियमांना कोर्टाची स्थगिती होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये उठवली. सेल्समनला फोन करून बोर्ड काढून न्यायला सांगा, फोनवर सांगितलंत ते व्हॉट्सअॅपवर लिहूनही पाठवा आणि तोपर्यंत वायर काढून बोर्ड उतरवून ठेवा. त्याला तुमची भिंत हवी आहे, त्यामुळे तो चार गोड गोष्टी सांगेल, 'सगळे लावतात' म्हणेल. खटला झाला तर कोर्टात तुम्ही उभ्या असाल. दोरीला लायटर टांगला असेल तर तोही काढा. सार्वजनिक जागी धूम्रपानाला सोयीची वस्तू ठेवायची नाही, हे २००८ च्या नियमांत आहे.

कॉलेजची मुलं हल्ली 'वेप आहे का' म्हणून विचारतात आणि कोणीतरी तुम्हाला तो माल ठेवायला सुचवेल. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट विकणं तर गुन्हा आहेच (पहिल्यांदा १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड), पण दुकानात नुसती साठवून ठेवली तरी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०,००० पर्यंत दंड आहे.

शेजाऱ्यांचं दुकान तुमच्या शेजारीच, म्हणजे तेही याच टप्प्यात असणार. त्यांना हे पत्र दाखवा. ते मानणार नाहीत कदाचित. तुम्ही माल काढल्यावर तुमची सगळी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे जातील आणि तुम्हाला रोज ते बघावं लागेल. यात अन्याय आहे. तपासण्या ३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनाच्या आगेमागे होतात आणि बाकीचं वर्ष कोणी फिरकत नाही, अशी तक्रार दुकानदार नेहमी करतात. ती मला खरी वाटते आणि ती केलीच पाहिजे. एकाच गल्लीत एकाला नियम आणि दुसऱ्याला सूट असेल, तर नियम पाळणाराच मरतो. जिल्हा रुग्णालयाशी जोडलेला जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्ष असतो. तिथे आणि महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्या की या शाळेच्या १०० यार्डांतल्या सगळ्याच दुकानांची आणि टपऱ्यांची मोजणी करून एकसारखी कारवाई व्हावी. कोणाचं नाव लिहू नका, शाळेचं लिहा. शाळेची पालक सभा असते, तिथून सह्या मिळतील. पोच घ्या.

त्या हजार रुपयांचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण दुकान स्वच्छ झाल्यावरच तुम्हाला ते मोकळेपणाने बोलता येईल. जागेवर हजार रुपये घ्यायचे, माल उचलायचा आणि कागद काहीच द्यायचा नाही, अशी कुठलीही तरतूद या कायद्यात नाही. माल जप्त करायचा तर पंचनामा होतो, त्यात नग लिहिलेले असतात, आणि जिल्हा न्यायाधीशांच्या मंजुरीशिवाय तो ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. कायद्याने झडतीचा अधिकार पोलिसांत उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्यांना आहे, अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांना आहे आणि सरकारने नेमलेल्या इतर तशाच दर्जाच्या अधिकाऱ्यांना आहे. ती दोन माणसं यांपैकी कोणी होती का, की कोणीच नव्हती, हे आज सांगता येत नाही. दुकानाबाहेर किंवा समोरच्या घराला सीसीटीव्ही असेल, तर त्या दिवसाचं फुटेज अजून आहे का ते लगेच विचारा, बहुतेक ठिकाणी ते काही दिवसांतच पुसलं जातं. तारीख, वेळ, त्यांचं वर्णन, गाडीचा नंबर आठवत असेल तर तो, सगळं आजच लिहून काढा आणि कोपरखैरणे पोलीस ठाण्यात अर्ज द्या. तोतये असतील, तर तुमच्यासारख्या आणखी किती बायकांकडून त्यांनी घेतले असतील.

पुन्हा कोणी आलं, तर घाबरून आत जाऊ नका. शांतपणे ओळखपत्र मागा, त्याचा फोटो काढा, शेजारच्या एक-दोघांना हाक मारा. पावती देत असतील आणि चूक तुमची असेल तर दंड भरा. पावती नाही म्हणाले, तर पैसे नाहीत. जोर केला, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल-फ्री नंबर आहे. दबावाखाली पैसे द्यावेच लागले, तरी ७ दिवसांच्या आत तक्रार केली तर देणाऱ्यावर गुन्हा येत नाही, असं २०१८ पासून कायद्यात आहे. हा नंबर गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा आणि दुपारी बसणाऱ्या मुलालाही दाखवून ठेवा.